मावशी कशाने गेली?

१८९५ सालची गोष्ट. अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठात डॉ. ऑल्ड्रेड वॉर्थिन नावाचे एक विकृतिशास्त्रज्ञ होते. त्यांच्याकडे कपडे शिवणारी एक बाई होती, पोलिन ग्रॉस तिचे नाव. एके दिवशी ती फार खिन्न दिसली म्हणून डॉक्टरांनी सहज कारण विचारले. तिने जे सांगितले ते ऐकून डॉक्टर चकित झाले. आपली प्रकृती आज ठणठणीत आहे, पण आपण लवकरच कॅन्सरने मरणार, कारण आपल्या घराण्यात बहुतेक माणसे त्यानेच जातात, कुणी आतड्याच्या, कुणी पोटाच्या, तर कुणी गर्भाशयाच्या, असे ती म्हणाली.

दुसरा एखादा डॉक्टर असता तर "असले काही मनात आणू नका" म्हणून त्याने तिची समजूत घातली असती. वॉर्थिननी तसे केले नाही. त्यांनी तिला घरातल्या माणसांची नावे विचारली, कोण किती वर्षांचे होऊन कशाने गेले ते लिहून घेतले, आणि जवळजवळ अठरा वर्षांनी, १९१३ साली, त्या घराण्याची हकीकत प्रसिद्ध केली. वैद्यकाच्या पुस्तकांत ते घराणे 'कुटुंब जी' या नावाने ओळखले जाते. पोलिनचे म्हणणे दुर्दैवाने खरे ठरले. ती लहान वयातच गर्भाशयाच्या कॅन्सरने गेली. तिच्या घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या उतरत आलेला जनुकातला नेमका दोष हाती लागायला मात्र २००० साल उजाडावे लागले. शंभर वर्षे शास्त्रज्ञांना जे सिद्ध करता आले नाही, ते एका शिवणकाम करणाऱ्या बाईला नुसत्या निरीक्षणाने ठाऊक होते.

ही गोष्ट सांगण्याचे कारण असे, की त्या बाईला जे ठाऊक होते ते आपल्या घरातल्या पुष्कळ बायकांनाही ठाऊक असते. फक्त ते कुणी विचारीत नाही, आणि विचारले तर कुणी सांगत नाही.

* * *

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. कॅन्सर हा सर्रास आनुवंशिक रोग नव्हे. शंभर कॅन्सरांपैकी पाच ते दहाच असे असतात, की ज्यांच्या मुळाशी आईबापांकडून आलेला एखादा ठळक दोष असतो. बाकीचे वाढते वय, तंबाखू, दारू, जंतुसंसर्ग आणि निव्वळ दुर्दैव यांच्या खाती जमा होतात. चुलत्याला तंबाखूने तोंडाचा कॅन्सर झाला म्हणून पुतणीने घाबरण्याचे काही कारण नाही. चुलत्याची तंबाखूची डबी पुतण्याच्या खिशात गेली असेल तर गोष्ट वेगळी. पण त्याला वंशपरंपरा म्हणत नाहीत.

परंतु ज्या घरात तो दोष असतो तिथे तो मोठा असतो. अमेरिकेच्या मेरी-क्लेअर किंग या विदुषीने १९९० साली दाखवून दिले, की काही घराण्यांतील स्तनाच्या कॅन्सरचे मूळ सतराव्या गुणसूत्रावर आहे. पुढे १९९४ साली तो जनुक प्रत्यक्ष सापडला आणि दुसऱ्याच वर्षी त्याचा जोडीदारही सापडला. बीआरसीए-१ आणि बीआरसीए-२ अशी त्यांची नावे. खरे तर ही जनुके आपली रखवालदार. पेशीत झालेली मोडतोड दुरुस्त करणे हे त्यांचे काम. त्यांतच दोष असला म्हणजे दुरुस्ती होत नाही आणि मोडतोड साचत जाते. बीआरसीए-१ मध्ये दोष असलेल्या शंभर बायका ऐंशी वर्षांच्या होईपर्यंत त्यांतल्या सुमारे ७२ जणींना स्तनाचा आणि ४४ जणींना बीजांडकोशाचा कॅन्सर होतो, असे २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीत आढळले. अमेरिकेतील सर्वसाधारण बाईला स्तनाच्या कॅन्सरचा जन्मभराचा धोका शंभरात बारा-तेराच आहे, आणि आपल्याकडे तर तो त्याहूनही कमी आहे. यावरून फरक ध्यानात यावा.

हा दोष आईकडून येतो तसाच बापाकडूनही येतो, आणि प्रत्येक अपत्याला तो मिळण्याचा संभव निम्मा. इथेच लोकांची फसगत होते. निम्मा म्हणजे दोन मुलींतील एकीला, असे पुष्कळांना वाटते. मोठीला झाला, म्हणजे धाकटी सुटली! तसे मुळीच नाही. प्रत्येक वेळी नाणे नव्याने उडवले जाते. दोघींनाही मिळेल, किंवा दोघींनाही मिळणार नाही. दुसरी एक समजूत याहूनही चिवट आहे. "ही अगदी मावशीच्या वळणावर गेली आहे, तेव्हा मावशीचे दुखणेही हिच्याच वाट्याला येणार," असे घरातच ठरून जाते. आणि जिचा चेहरा बापासारखा ती निर्धास्त राहते. नाकाचा आणि या जनुकाचा काहीएक संबंध नाही. पण वाड्यातल्या चार बायकांनी एकदा तोंडवळा जुळवला, की शास्त्राचे कोण ऐकतो?

* * *

असल्या समजुती दूर करून, धोका किती आणि त्यावर करता काय येईल हे माणसाला समजेल अशा भाषेत सांगणे, हे आता एक स्वतंत्र शास्त्र झाले आहे. 'जेनेटिक कौन्सेलिंग' हा शब्द शेल्डन रीड या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९४७ साली प्रचारात आणला. आपण त्याला आनुवंशिकी समुपदेशन म्हणतो. शब्द जड आहे, काम मात्र घरगुती आहे. समुपदेशक कागद-पेन्सिल घेऊन बसतो आणि तीन पिढ्यांची वंशावळ काढतो. पुरुषाला चौकोन, बाईला वर्तुळ. ज्याला कॅन्सर झाला त्याचे चिन्ह काळे करायचे. जो गेला त्याच्यावर तिरपी रेघ. कुणाला कोणत्या वयात आणि शरीराच्या कोणत्या भागात, हे बाजूला लिहायचे. अर्ध्या-पाऊण तासात कागदावर काळी वर्तुळे एका रेषेत उतरताना दिसू लागली, की समुपदेशकाच्या आधी समोरच्या बाईलाच सगळे उमगते.

मुंबईत हे काम टाटा मेमोरियल केंद्रात चालते. परळचे टाटा रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजी सुरू झाले. सर दोराबजी टाटांच्या पत्नी मेहेरबाई १९३१ साली रक्ताच्या कॅन्सरने गेल्या, त्या दुःखातून या रुग्णालयाची कल्पना निघाली. तेथे विकृतिशास्त्राचा विभाग उभा केला डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी. खानोलकरांची दृष्टी अशी, की सूक्ष्मदर्शकाखालच्या काचेबरोबर ते त्या माणसाची जात, आहार, पोशाख आणि सवयीही पाहत. त्यांनी व डॉ. संघवी यांनी मुंबईतील आपापसांतच लग्ने करणाऱ्या सहा समाजांचे रक्तगट इत्यादी आनुवंशिक गुण तपासून १९४९ साली निबंध प्रसिद्ध केला. पुढे नवी मुंबईत खारघर येथे टाटा केंद्राची संशोधनसंस्था उभी राहिली. डॉ. राजीव सरीन यांच्या पुढाकाराने चाललेल्या कॅन्सर-जनुक विभागात अशा घराण्यांची तपासणी आणि समुपदेशन या दोन्ही गोष्टी होतात.

पारशी बायकांत स्तनाचा कॅन्सर अधिक, हे मुंबईच्या डॉक्टरांच्या फार पूर्वीपासून ध्यानात आले होते. पण त्यावरून 'हा त्यांच्या रक्ताचाच दोष' असे म्हणणे घाईचे ठरेल. उशिरा लग्न आणि थोडी मुले हीही त्याची कारणे आहेत. समाजाच्या आकड्यांवरून एका घराची कुंडली मांडता येत नाही. घराची वंशावळ घरातच विचारावी लागते.

* * *

आता ती आपल्याकडे कशी विचारावी?

आपण एक बाई कल्पनेत आणू. वय बेचाळीस, सासर पुण्यात कोथरूडला, माहेर नगर जिल्ह्यातल्या (आता अहिल्यानगर) राळेगणसिद्धीला. तिच्या स्तनात गाठ निघाली, बायोप्सीत कॅन्सर ठरला, शस्त्रक्रिया झाली. वय कमी म्हणून डॉक्टरांनी तिला समुपदेशकाकडे पाठवले. ही बाई काल्पनिक असली तरी तिचे नातेवाईक आपल्या प्रत्येकाच्या घरात आहेत.

समुपदेशक विचारतो, "आई आहे का?"

"नाही. मी बारावीत असताना गेली."

"कशाने?"

"जलोदर झाला होता म्हणतात. पोटात पाणी भरायचे."

जाणत्या माणसाची पेन्सिल इथे थांबते. जलोदर हा रोग नव्हे, ते लक्षण आहे. यकृत बिघडून पोटात पाणी होते, तसेच बीजांडकोशाच्या कॅन्सरनेही होते. दारूला कधी न शिवलेली पन्नाशीची बाई पोटात पाणी भरून सहा महिन्यांत गेली असेल, तर ते वर्तुळ पांढरे ठेवावे की काळे करावे? मागच्या पिढीतल्या मृत्यूंची आपल्याकडची कारणे अशीच असतात. 'अंगावरून जात होते', 'छातीला गळू झाले ते चिघळले', 'अन्न जाईना', 'कुणी करणी केली'. प्रत्येक वाक्याच्या आड एखादे निदान लपलेले असते.

वंशावळीच्या बाबतीत आपण मराठी माणसे एका दृष्टीने भाग्यवान आहोत. इंग्रजीत 'आंट' म्हटले की पुढे दहा प्रश्न विचारावे लागतात. आपल्याकडे आत्या म्हटले की बापाची बाजू, मावशी म्हटले की आईची. मामेबहीण, मावसबहीण, आतेबहीण, चुलतबहीण, सगळ्या आपापल्या जागी नेमक्या बसतात. नुसते 'बहीण' म्हटले तर मात्र सख्खी की चुलत हे विचारून घ्यावे. परंतु दुसऱ्या दृष्टीने आपण कमनशिबी. त्र्यंबकेश्वर-नाशिकच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्या उघडल्या तर खापरपणजोबापर्यंतची नावे सापडतील, पण ती बापाच्या वंशाची. मुलगी सासरी गेली की आडनाव बदलते, कित्येक घरांत लग्नात नावही बदलते. आईच्या आईचे माहेरचे नाव काय, हे आपल्यापैकी किती जणांना सांगता येईल? आणि आपल्याला हवा असलेला धागा बहुधा तिथेच तुटलेला असतो. त्यात मामाची मुलगी करण्याची आपली चाल. इरावती कर्वे यांनी १९५३ च्या आपल्या नातेसंबंधांवरील ग्रंथात तिचा विस्ताराने विचार केला आहे. अशा घरात एकच पणजी दोन्ही बाजूंनी भेटते आणि वंशावळीचे झाड न राहता जाळे होते.

* * *

या सगळ्याहून मोठी अडचण मात्र दुसरीच आहे. डॉक्टरांच्या खोलीबाहेर मुलगा किंवा जावई हळूच येऊन सांगतो, "डॉक्टर, पेशंटला काही सांगू नका हं. ती खचून जाईल."

हेतू वाईट नसतो. आपण स्वतः ते केलेले असते. प्रस्तुत लेखकानेही केले आहे, आणि पुढे कळले की जिच्यापासून लपवले तिला पहिल्या दिवसापासून ठाऊक होते. आपल्या देशात रोग्यांनाच विचारून ज्या पाहण्या झाल्या, त्यांत बहुतेकांनी 'आम्हाला कळायला हवे' असेच सांगितले आहे. तरी सांगायचे नाही हा रिवाज चालू आहे. पूर्वी या लपवालपवीत नुकसान झाले तर एका माणसाचे होई. आनुवंशिक दोषाच्या बाबतीत तसे राहिले नाही. जिला आपला रोग कोणता हेच सांगितलेले नाही, तिला "तुमच्या बहिणींना कळवा" असे कोणत्या तोंडाने सांगणार?

एकदा तपासणी झाली, तर ती आधी रोग झालेल्या व्यक्तीची करायची असा नियम आहे. रोगी माणसात दोष नेमका कुठे आहे हे सापडले, की इतरांची तपासणी सोपी व स्वस्त होते. निकाल तीन तऱ्हेचे येतात: दोष आहे, दोष नाही, आणि तिसरा मोठा चमत्कारिक, म्हणजे जनुकात बदल आहे पण त्याचा अर्थ सांगता येत नाही. जगातील जनुकांच्या नोंदी मुख्यत्वे गोऱ्या लोकांच्या असल्यामुळे आपल्याकडे हा तिसरा निकाल जरा जास्तच येतो. अशा वेळी काहीही न करता थांबायचे असते, आणि ते सांगणे फार अवघड. एवढे पैसे खर्चून 'माहीत नाही' हे उत्तर घेऊन घरी जायला कुणाला आवडेल? परंतु या अनिश्चित निकालावर भिऊन कुणी अवयव काढून घेऊ नयेत, हे समुपदेशकाला निक्षून सांगावे लागते.

खरे कळल्याने माणूस मोडतो का? कॅरिन लर्मन या मानसशास्त्रज्ञ बाईंनी नव्वदच्या दशकात अशा घराण्यांतील माणसांचा पाठपुरावा केला. ज्यांना दोष असल्याचे कळले ती सरासरीने अधिक उदास झाली नाहीत. ज्यांच्यात दोष नव्हता त्यांचा जीव भांड्यात पडला. आणि जी माणसे आतून धास्तावलेली होती, पण निकाल नको म्हणाली, त्यांच्यातच उदासी वाढलेली आढळली. डॉ. हेन्री लिंच यांची एक आठवण इथे बसते. १९६२ च्या सुमारास ओमाहा येथे उमेदवारी करीत असताना त्यांच्यापुढे दारूने खंगलेला एक रोगी आला. का पितोस, म्हणून विचारले तर तो म्हणाला, माझ्या घरात सगळे कॅन्सरने मरतात, मीही तसाच मरणार, मग काय करू? लिंच यांनी त्याचे घराणे शोधून काढले. पुढे कित्येक वर्षे 'हे वंशपरंपरेने होत नसते' म्हणून त्यांना पैसा नाकारण्यात आला. आज आतड्याच्या त्या आनुवंशिक कॅन्सरला त्यांचेच नाव आहे. दर वर्षा-दोन वर्षांनी आतड्याची दुर्बिणीने तपासणी केली तर तो पुष्कळ अंशी टाळता येतो, हे त्या बिचाऱ्या रोग्याला सांगणारे त्या वेळी कुणी नव्हते.

स्तनाच्या बाबतीतही आज हात बांधलेले नाहीत. पंचविशीपासून एमआरआय, पुढे मॅमोग्राफी, मुलेबाळे झाल्यावर पस्तीस-चाळिशीच्या सुमारास बीजांडकोश काढून टाकणे असे मार्ग आहेत. अँजेलिना जोली या नटीने २०१३ च्या मे महिन्यात आपण दोन्ही स्तन काढून घेतल्याचे वर्तमानपत्रात लिहिले, तेव्हा साऱ्या जगाला बीआरसीए हे नाव कळले. तिची आई छप्पन्नाव्या वर्षी गेली होती. अर्थात प्रत्येकीने तेच करावे असे नाही, आणि चांगला समुपदेशक "तुम्ही अमुक करा" असे सांगतही नाही. रोगी आणि नातेवाईक मात्र त्याच्याकडे तेवढेच मागतात: "साहेब, तुमची बहीण असती तर तुम्ही काय केले असते?" पुस्तकात या प्रश्नाचे उत्तर नाही.

* * *

आपल्या कोथरूडच्या बाईंचा निकाल आला असे समजू. दोष आहे. आता घरी कोण सांगणार, कुणाला, आणि केव्हा?

राळेगणसिद्धीला तिचा भाऊ आहे. हे तेच गाव, जिथे १९७५ साली सैन्यातून परतलेल्या अण्णा हजारे यांनी आधी यादवबाबांच्या देवळाचा जीर्णोद्धार केला आणि मग माथ्यापासून पायथ्यापर्यंत पाणी अडवण्याचे काम गावाकडून करून घेतले. वरच्याने बांध घातला तर खालच्याची विहीर भरते, हे तिथल्या शेतकऱ्याला शिकवावे लागत नाही. गावाचा पैसा-अडका ग्रामसभेत सगळ्यांसमोर मांडायचा, हीही तिथली रीत. पण त्याच गावातला तो भाऊ बहिणीला फोनवर म्हणेल, "ताई, हे तुझ्यापाशीच ठेव. पोरीला बघायला माणसे यायची आहेत."

त्याचे चुकते असे सहज म्हणता येत नाही. सोयरिकीच्या बाजारात पत्रिकेतला मंगळ शांत करता येतो, जनुकातला दोष करता येत नाही. विम्याची भीतीही खोटी नाही. आनुवंशिक विकारांना विम्यातून सरसकट वगळणे हा भेदभाव आहे असे दिल्ली उच्च न्यायालयाने २०१८ साली म्हटले आहे, पण प्रत्येक माणूस न्यायालयाच्या पायऱ्या चढू शकत नाही. शिवाय भावाला वाटते, हा बायकांचा रोग. आपण पुरुष, आपला यात काय संबंध? त्याच्यातही तो दोष असण्याचा संभव निम्मा आहे आणि असला तर त्याच्या मुलीतही तेवढाच, हे त्याला कुणी सांगितलेलेच नाही. परदेशातील पाहण्यांतही हेच दिसते: निरोप बहिणींना पोचतो, भावांना पोचत नाही, आईच्या माहेरी जातो, बापाच्या बाजूला अडतो, आणि ज्या नात्यात जमिनीवरून बोलणे बंद आहे तिथे मुळीच जात नाही. दोष निश्चित झालेल्या घराण्यांतही पुष्कळ नातेवाईक तपासणीपर्यंत पोचतच नाहीत.

आणि डॉक्टर परस्पर कळवू शकत नाहीत. रोग्याचे गुपित रोग्याचे. ते ग्रामसभेत वाचायचे नसते.

यावर समुपदेशकांनी एक साधा उपाय काढला आहे, तो म्हणजे पत्र. रोग्याने नातेवाइकांना द्यायचे, दवाखान्याने लिहून दिलेले एक पानाचे पत्र. त्यात भिववायचे नाही, लपवायचेही नाही. घराण्यात अमुक दोष आढळला आहे, तो तुमच्यात असेल किंवा नसेल, अठरा वर्षांखालच्या मुलांची तपासणी करायची नाही, लग्न ठरले-न ठरले याचा तपासणीशी संबंध लावू नका, शंका असल्यास या पत्त्यावर या, एवढेच. तोंडी सांगताना जीभ अडखळते, रडू येते, समोरचा विषय बदलतो. कागद तेवढा शांतपणे वाचला जातो, आणि नको असेल तर कपाटात ठेवता येतो, हवा तेव्हा काढण्यासाठी.

आपल्या कल्पनेतल्या बाई दिवाळीत भाऊबीजेला माहेरी जाणार आहेत. भावाला ओवाळायचे, वहिनीच्या हातचे खायचे, भाचीचे लग्न कुठवर आले ते विचारायचे, असे मनात आहे. पिशवीत साडी, फराळाचा डबा आणि ते पत्र. पाकिटावर प्रथम भावाचे नाव घातले होते. सुप्याच्या आसपास एसटी थांबली तेव्हा त्यांनी ते खोडले आणि खाली वहिनीचे नाव लिहिले.